चार इंच वाकडी भिंत

रामटेके साहेब कुठेही बसले की आधी उजव्या हाताचा तळवा भिंतीला लावून ठेवत. बँकेत असोत, दवाखान्याच्या बाकावर असोत, की माझ्याकडे चहाला आलेले असोत. तळवा भिंतीवर आणि हाताची पाठ आपल्याकडे. त्या हाताच्या बोटांची मुळं सुजून सुपारीएवढी झाली होती आणि करंगळी कधीतरी मोडून तशीच जुळलेली होती. नव्या माणसाला वाटे, यांना चक्कर येत असावी. मलाही तसंच वाटलं असतं, पण मी तो हात कामावर असताना आधी पाहिला आणि मग तो माणूस पाहिला.

सिंचन खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून तीस वर्षं नकाशे काढून मी निवृत्त झालो आणि नागपूरच्या नंदनवन वस्तीत घर घेतलं. रामटेक्यांची आणि आमची एक भिंत सामाईक. तिसऱ्याच दिवशी दुपारी भिंतीतून धप धप सुरू झालं. मी जात्याच तापट. जेवणावरून उठलो आणि कोण खिळे ठोकतंय ते विचारायला थेट त्यांच्या दारात गेलो. आत तीस-एक वर्षांची मुलगी भिंतीवर कपाळ आपटत होती, आणि हा साठी ओलांडलेला माणूस भिंतीला तळवा लावून उभा होता. प्रत्येक फटका त्याच्या हाताच्या पाठीवर पडत होता. मान वळवून मला म्हणाला, "या जी, बसा. पाच मिनिटांत होते आमचं."

मी बसलो. दुसरं काय करणार. पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. मग मुलगी थकून खाटेवर आडवी झाली, साहेबांनी हात नळाखाली धरला आणि मला विचारलं, "साखर किती घेता?"

ही सोनू, साहेबांची मुलगी. जन्मापासून बोलली नव्हती. आवाज सोसत नसे; बादली जागची हलली तरी सोसत नसे. तिच्या आईनं, कमलवहिनींनी, तिच्यासाठी आयुष्यात कधी पडद्यांचा रंग बदलला नव्हता. कोणी सहानुभूतीनं "फार ओरडते हो" म्हटलं की साहेब शांतपणे दुरुस्त करत. "थे ओरडून नाई राहिली, सांगून राहिली. मशीन एकदम कधी बिघडत नाही. आधी सांगते. ऐकनारा पाहिजे." तीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनिअर, शेवटी चीफ इंजिनिअर. नागपूरसारख्या गावातला माणूस, जिथून कुठल्याही दिशेला गेलं तरी समुद्र यायला दिवस मोडतो, तो समुद्रावर कसा गेला हे विचारलं की म्हणत, "जाहिरात इंग्रजीत होती. कोनं वाचली नाही, मी वाचली."

मग आमच्या समोरच्या रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम सुरू झालं. खांबांसाठी जमीन फोडायचं यंत्र सकाळी आठाला लागे ते संध्याकाळपर्यंत. आमच्या कपाटातली भांडी वाजत. सोनूचे फटके दिवसाला एकाचे पाच वेळा झाले. साहेब एक, हात दोन. पावसाळ्यात तिच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला आणि डोळा गेला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, आपटणं थांबलं नाही तर उजवाही जाईल. औषधं होती ती सगळी देऊन झाली होती.

त्यांनी काय केलं नाही ते विचारा. सावनेरला वहिनींच्या भावाच्या शेतावर नेऊन ठेवलं. तिथं खाणीत दुपारी सुरुंग उडत. चौथ्या दिवशी परत आले. एका संस्थेत चौकशीला गेले. तिथं एका मुलीचे हात खाटेला बांधलेले दिसले, तर चहा न घेताच परत फिरले. त्या दिवशी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले, तळवा भिंतीला लावला आणि म्हणाले, "नकाशेबाबू, एक नकाशा काढून द्या. बोट बांधाची आहे."

मला वाटलं, माणूस डोक्यानं गेला.

पण त्यांच्याजवळ पुरावा होता. सोनू अकरा वर्षांची असताना त्यांनी मायलेकींना चार महिने जहाजावर नेलं होतं. अधिकाऱ्यांना तेवढी मुभा असे. पहिले तीन आठवडे वाईट गेले. पुढे इंजिनाची अखंड घरघर तिच्या अंगात मुरली आणि चार महिने संपेपर्यंत तिनं एकदाही डोकं आपटलं नाही. एकदाही नाही, हे ते दोनदा म्हणाले. म्हणून त्यांना इंजिनावर चालणारी बोट हवी होती, शिडाची नाही. आणि ती कॅटामरान हवी होती. म्हणजे दोन होड्या शेजारी शेजारी जोडायच्या आणि वर घर ठेवायचं. अशी बोट एका अंगाला कलत नाही. जमीन कललेली सोनूला चालणार नव्हती.

मी विचारलं, "त्यापेक्षा हुडकेश्वरच्या तुमच्या प्लॉटवर घर का बांधत नाही? तिकडे शांत आहे."

"आज शांत आहे जी. उद्या बाजूले लग्नाचं लॉन होईल, परवा कोनी बोअर मारंल. जमिनीवर कोन कोनाले चूप बसवू शकते? समुद्रात शेजारी नसते."

वहिनी दारातून म्हणाल्या, "नळाले पानी यायची मारामार, आन् यायले समुद्र पाहिजे." पण डोळे पुसून म्हणाल्या. त्यांनी तोपर्यंत मान्य केलेलं होतं.

हुडकेश्वरचा एक प्लॉट राखून बाकीची जमीन विकली, थायलंडमधल्या बोटी बांधणाऱ्या एका नदीकाठच्या यार्डाशी करार झाला. आता खरी अट ऐका. बोटीवरची राहायची खोली हुबेहूब नंदनवनच्या घरासारखी पाहिजे. तीच खाट, तोच उंबरठा, तीच मोरी. तीन आठवडे रडण्याइतका वेळ आता सोनूच्या उजव्या डोळ्याकडे नव्हता. घरच समुद्रावर न्यायचं, म्हणजे आपण घर सोडलं हे तिला कळायलाच नको. घरातला जुना काळा स्विचबोर्ड, खिडकीचे गज आणि मोरीचा पितळी नळ साहेबांनी पेटीत भरून तिकडे पाठवले आणि इथं त्यांच्यासारखेच दुसरे बसवले. यार्डचा मॅनेजर चक्रावला. तो लिहायचा, समुद्रावर खिडकीला गज कशाला, आम्ही मोठी काच देतो. हा उंबरठा पायात येईल. गोल सोफा घ्या, छान दिसतो. उत्तरं मी लिहायचो आणि साहेब सांगायचे. "त्याले लिहा, आमाले चांगलं काहीच नको. जसं आहे तसं पाहिजे."

घराचं माप मी घेतलं. सोनू खाटेवरून उठे, डावा तळवा भिंतीवर टेकवून चालू लागे, आणि बरोबर सातव्या पावलाला तिचं उजवं कोपर मोरीच्या आडभिंतीवरच्या स्विचबोर्डला लागे; तिथं वाट माणूसभरच होती. दिवा लागला की ती मोरीत जाई. दिवसातून पंधरा वेळा हा प्रवास. मी फीत लावली तर खोलीच्या एका टोकाला रुंदी नऊ फूट आठ इंच आणि दुसऱ्या टोकाला नऊ फूट चार. मी हसून वहिनींना म्हटलं, भिंत वाकडी आहे तुमची. त्या लाजल्या. "माह्यानंच झाली. हे जहाजावर. गवंड्यानं दोरी बांधून ठेवली होती, मी त्याच्यावर ओलं लुगडं वाळत टाकलं. खुंटी सरकली. मी कोनाले सांगितलंच नाही." साहेब म्हणाले, "म्हनून तं माहं घर गावात वेगळं आहे."

आम्ही तिघं हसलो. मी घरी आलो, बोर्डावर कागद ताणला, गुण्या लावला, आणि चारही कोपरे काटकोनात काढले.

मुद्दाम नाही. विसरून म्हणावं तर तसंही नाही. कच्च्या वहीत दोन्ही मापं माझ्याच अक्षरात होती. पण वाकडी भिंत पक्क्या नकाशात काढायला माझा हात धजला नाही. तीस वर्षं गवंड्यांच्या चुका कागदावर सरळ करणं हीच माझी नोकरी होती. चार इंच ही काही मोजायची गोष्ट वाटली नाही. रुंद टोकाचं माप धरलं, नकाशा सुरेख झाला, खाली सही ठोकली.

बोटीचं काम दोन वर्षं चाललं. यार्ड दर टप्प्याला सहा महिने म्हणे आणि आठ घेई. साहेब एकदाही तिकडे जाऊ शकले नाहीत. त्यांचा हात इथं लागत होता. मोबाइलवर फोटो येत. आधी दोन पांढऱ्या होड्यांचे सांगाडे, मग त्यांच्यावर खोली, मग खोलीत आमचे गज. फोटोत चार इंच दिसत नाहीत. दरम्यान दोन हात पुरेनात म्हणून साहेबांनी एक उशी शिवून घेतली होती. सोनू ती उपटून फेकून द्यायची. तिला हातच लागे.

त्या दोन वर्षांत एक गोष्ट बरी झाली. हुडकेश्वरचा तो राखलेला प्लॉट होताच. तिथं घर बांधताना पायाची आखणी करतात तशी चुन्यानं त्यांनी बोटीची खोली आखली. घरात स्वतः फीत लावून मापं घेतली आणि तिथं जाऊन मांडली. भिंतीच्या जागी बांबू रोवून हाताच्या उंचीवर सुतळी बांधली, कोपऱ्यात डिझेलचा जुना पंप बसवला. रोज सकाळी तिला ऑटोत बसवून नेत, पंप सुरू करत. सोनू सुतळीवर तळवा ठेवून सात पावलं चाले आणि चुन्याच्या मोरीत जाऊन उभी राही. तिथं असेपर्यंत तास-दीड तास ती डोकं आपटत नसे. रस्त्यानं जाणारे हसत. साहेब आनंदानं माझ्याकडे बघत, "पाहिलं का जी? पास झाली बोट." मीही मान डोलावली. ती सुतळी त्यांच्या फितीनं बांधलेली होती, माझ्या नकाशानं नाही, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

अखेर यार्डाची माणसं बोट कोचीला घेऊन आली. सोनूला औषध देऊन, रेल्वेचा अख्खा डबा जागवत आम्ही चौघं तिथं पोचलो. मी हौसेनं गेलो होतो. माझ्या नकाशावरून पाण्यावर तरंगणारी वस्तू मी पहिल्यांदाच पाहणार होतो. धरणं सगळी दुसऱ्यांच्या नावावर गेली. बोट देखणी होती. साहेबांनी इंजिनं सुरू केली, जमिनीतून यावी तशी घरघर पायातून आली, आणि सोनूचे खांदे खाली आले. ती आत गेली. उंबरठा ओलांडला. खाटेवर बसली, गज चाचपले. वहिनींनी तोंडाला पदर लावला.

मग ती उठली. तळवा भिंतीला लावून चालू लागली. सातव्या पावलाला तिनं उजवं कोपर बाहेर काढलं. तिथं काही नव्हतं.

ती मागं गेली, खाटेपासून पुन्हा मोजत आली. पुन्हा काही नव्हतं. तिसऱ्यांदा ती धावतच आली, आणि मग तिनं जे केलं ते मी लिहिणार नाही. साहेबांचे दोन्ही हात आणि वहिनींचे दोन्ही हात पुरले नाहीत. इंजिनं बंद केली, तिला खाली जेटीवर आणलं, तरी ती थांबली नाही.

ती औषधानं झोपल्यावर साहेब फीत घेऊन आत गेले. दोन्ही टोकं मोजली. बाहेर येऊन माझ्या शेजारी बसले. तिथं भिंत नव्हती, म्हणून तळवा मांडीवर ठेवला. "नकाशेबाबू, तुमी माहं घर सरळ करून टाकलं."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. माफ करा म्हणायचीही लाज वाटली. तेच पुढं म्हणाले, "चूक सापडली म्हंजे अर्धं काम झालं. आतून प्लायची दुसरी भिंत बांधतो, चार इंच वाकडी. मंग कोपर बटनाले लागंल. मी एकटा राहतो इथं, तुमी दोघींले घरी न्या." मग माझा उजवा हात त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. "मी येईपर्यंत हा लागंल. बोटं ताठ ठेवू नका. हात ढिला सोडा. मार घ्याचा असते, अडवाचा नसते."

नंदनवनात परत आल्यावर पहिल्याच दिवशी माझं मधलं बोट काळंनिळं झालं. मी ताठ ठेवलं होतं. शिकायला आठवडा लागला. साहेबांचा फोन रोज जेवणाच्या वेळी यायचा. "रंधा मारून राहिलो. इकडं लाकडं चांगली भेटते." कधी, "गरमी लय आहे, दम लागून राहिला जरासा, पन होते काम." वहिनी म्हणायच्या, माणूस लावा ना हाताखाली. ते म्हणायचे, "मानूस लावला तं थो सरळ करून टाकंल वं." हे ऐकताना मी सोनूच्या भिंतीला हात लावून उभा असे. नवव्या दिवशी त्यांचा फोन आला नाही, जेटीवरच्या चौकीदाराचा आला. हातोडी शेजारी ठेवून ते खाटेवर टेकले होते, ते उठलेच नाहीत.

वहिनी भिंतीजवळ बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी जा. मी हिले सोडून येऊ नाई शकत. त्यायले घेऊन या." नवऱ्याला आणायलाही त्या बाईला जाता आलं नाही.

कोचीला कागदपत्रं होईपर्यंत मी बोटीवर गेलो. नवी भिंत पूर्ण झाली होती. वर रंगसुद्धा दिला होता, घरचाच फिका निळा. मी खाटेवर बसलो, उठलो, डोळे मिटले, डावा तळवा भिंतीला लावला आणि मोजत चाललो. भिंत हळूहळू माझ्याकडे सरकत आली. सातव्या पावलाला उजव्या कोपराला बटण लागलं. डोळे उघडले तर दिवा लागला होता. मी दिवा बंद केला. बोट आता तंतोतंत बरोबर होती. चालवणारा तेवढा नव्हता. पगारी कप्तान मिळाला असता, पण सोनूच्या घरात परका माणूस वावरणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं. वहिनींनी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणाल्या.

नंदनवनात बुद्धवंदना झाली. जमलेल्या लोकांनी आवाज अगदी खाली ठेवला होता; एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. सोनू सात पावलं चालत होती आणि दर वेळी दिवा लावून, बाप कुठं आहे ते बघावं तशी मोरीत बघत होती. बोट पुढं विकली. घेणाऱ्यानं सगळ्यात आधी आतली वाकडी भिंत काढून टाकली, असं कळलं. कुण्याही शहाण्या माणसानं हेच केलं असतं.

"आमच्या मागं हिचं काय" हे वाक्य अशा घरात सगळे म्हणतात. रामटेके साहेब ते कधीच म्हणाले नाहीत. ते बोट बांधत होते. त्यांच्या मागं आता वहिनी आहेत आणि मी आहे, आणि आम्ही दोघंही म्हातारे आहोत. मी हे उत्तर म्हणून सांगत नाही. रविवारी हुडकेश्वरला जातो, चुना नव्यानं टाकतो, सुतळी ताणतो. पहिल्यांदा मी फीत विसरलो होतो, नुसत्या नजरेनं बांधली, तरी चार इंच बरोबर आले. सोनूचा उजवा डोळा मंद होत चालला आहे. चुना दिसतो की नाही कळत नाही, पण हात सुतळीवरून चालतो. मागच्या महिन्यात शेजारच्या प्लॉटवर बोअर मारायची गाडी आली. साहेब म्हणाले होते तसंच. यंत्र लागलं, सोनू सुतळी सोडून कुंपणाच्या भिंतीकडे वळली, आणि ती पोचायच्या आत माझा तळवा तिथं होता. ढिला. मार घ्यायचा असतो.

परवा पुण्याहून नात आली होती. वही पुढं करून म्हणाली, आबा, एक चौकोन काढून द्या, तुम्ही छान काढता. मी पेन्सिल घेतली. बोटांची मुळं आता सुजून जाड झाली आहेत, पेन्सिल नीट बसत नाही. तीन रेघा कशाबशा आल्या. चौथी वाकडी गेली. नातीनं खोडरबर पुढं केलं.

मी ते घेतलं नाही.